दाभण्याची नोंद

सहाला येते म्हणून सांगितलेली गाडी सातला दहा कमी असताना गल्लीच्या तोंडाशी आली. दगडू खंडारे तोवर विहाराच्या भिंतीला पाठ लावून पावणेदोन तास उभा होता. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर, खांद्याला झोळी. झोळीत पाण्याची बाटली, दोन पोळ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही.

समोरच्या ओट्यावरून त्याची बायको मीराबाई दर दहा मिनिटांनी विचारत होती.

"आले का तुमचे पक्षीवाले?"

"येतील."

"अहो, बसा तरी. उभं राहिल्यानं गाडी लवकर येते का?"

"ऊन वर आलं की पाखरू चिखलातून उठतं. तुला काय कळतंय त्यातलं!"

"मला एवढंच कळतंय की रात्रभर तुम्ही कूस बदलत होता आणि खाट करकरत होती."

खाट करकरत होती हे खरं होतं. पण रात्रभर जागायला कारणही तसंच होतं. इंदूरजवळच्या हातोदच्या तलावावर दिसणाऱ्या पक्ष्यांची यादी मंगळवारी छापखान्यात जाणार होती. यादीत दोनशे चौदा पक्षी होते. दगडूला दोनशे पंधरावा घालायचा होता, आणि त्यासाठी त्याच्या हातात आजचा एकच रविवार होता.

यादी करणारा नचिकेत. विजय नगरात कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, वय चौतीस, गळ्यात दुर्बीण, बोलायला गोड. मागच्या हिवाळ्यात त्याच्या मंडळाने तलावाच्या पाळीवर लोकांना पक्षी दाखवायचा कार्यक्रम केला, तेव्हा दगडू तिथे आपला आपला बसला होता. नचिकेतच्या चित्रांच्या पुस्तकातलं एक पान उलटून गेलं आणि दगडू ताडकन उठला.

"थांबा. मागचं पान. हा, हा माझा दाभण्या!"

पान होतं कोरल नावाच्या पक्ष्याचं. अंगानं कोंबडीएवढा, रंग वाळल्या गवताचा, आणि चोच वीतभर लांब, टोकाकडे खाली वाकलेली. पोतं शिवायच्या दाभणासारखी. दगडूने तो पहिल्यांदा बघितला जामनगरला. लष्कराच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवायला त्याची दोन वर्षं तिकडे बदली झाली होती. भरती ओसरली की समुद्राच्या चिखलात हे शेकड्यांनी उतरत, ती वाकडी चोच मुळापर्यंत खुपसून खेकडे काढत. नाव सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून दगडूने आपलंच ठेवलं. पुढे कितीतरी वर्षांनी तोच पक्षी हातोदच्या तलावाच्या काठी दिसला, तेव्हा त्याला गावाकडचा माणूस भेटल्यासारखं झालं.

"काका, हा समुद्राकाठचा पक्षी," नचिकेत हसून म्हणाला होता. "इंदूरला कुठून येणार? तुम्ही शराटी बघितला असेल. त्याची पण चोच वाकडीच असते."

त्या 'शराटी'नं दगडूच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरली नव्हती. शराटी! काळ्या मानेचा, पांढऱ्या अंगाचा, शेणाच्या ढिगाशीसुद्धा फिरणारा! सत्तर वर्षांच्या माणसाला शराटी आणि दाभण्या यांतला फरक कळत नाही?

मग त्याने वही आणून दाखवली. दहा वर्षांची वही. नचिकेतने चाळली, गंभीर झाला आणि म्हणाला, "काका, नियम असा आहे की असा वेगळा पक्षी घ्यायचा तर फोटो पाहिजे. नाहीतर मंडळातल्या कुणीतरी डोळ्यांनी बघितलेला पाहिजे. तुम्ही मला दाखवा. मी स्वतः लिहितो, खाली तुमच्या नावानं. पहिली नोंद, दगडू खंडारे."

आपलं नाव छापलेलं दगडूने आजवर मतदार यादीत तेवढं बघितलं होतं. तेही अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकल्यावर, स्वतःच्या बोटानं शोधून. विहारात संध्याकाळचा वर्ग असायचा. मीराबाई आधी जाऊ लागली, मग तिनंच हाताला धरून त्याला नेऊन बसवलं.

"कधी येतो हा तुमचा दाभण्या?" नचिकेतने तेव्हा विचारलं होतं.

"वर्षावास संपला की. ठरलेलं आहे."

पावसाळ्यात भिक्खू एका जागी मुक्काम करतात, तो वर्षावास. आषाढी पौर्णिमेला बसतो, आश्विन पौर्णिमेला उठतो. दगडूला एकदा कावीळ झाली होती, फार जोराची, त्यातून तो उठला. तेव्हापासून त्यानं पण आपला एक नेम धरला. वर्षावास चालू असेपर्यंत शहराची शीव ओलांडायची नाही. सकाळी विहार झाडायचा, संध्याकाळी ग्रंथवाचनाला बसायचं. पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी भंतेजी पुढच्या गावाला निघत. दगडू त्यांना हातोदच्या रस्त्यापर्यंत सोडायला जाई आणि परतताना तलावावर टेके. तिथेच त्याला पहिल्या वर्षी दाभण्या दिसला. भिक्खू निघाले की पाखरं येतात, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यात त्याला फार बरंही वाटे.

काल पौर्णिमा झाली. आज ऑक्टोबरची एकोणतीस. भंतेजींना पहाटेच दुसरं कुणी सोडायला गेलं, कारण दगडूला नचिकेतची वाट बघायची होती. आणि नचिकेत आला तो पन्नास मिनिटं उशिरा, काच खाली करून हसत.

"सॉरी काका! ही संहिता, आमच्या मंडळातली. फोटो हीच काढते. हिला घ्यायला गेलो ना, त्यात उशीर झाला."

"नमस्ते काका," मागच्या सीटवरून संहिता म्हणाली. तिच्या मांडीवर लहान तोफेएवढा कॅमेरा होता. "माझ्यामुळे नाही हां, याचा अलार्मच वाजला नाही."

"जय भीम," दगडू म्हणाला आणि पुढे बसला. "चला आता. सरळ चला."

गाडी सरळ गेली, पण अर्धा किलोमीटर. कोपऱ्यावर पोह्यांची गाडी लागली. वाफ उडत होती, पातेल्याभोवती वीसेक माणसं उभी होती.

"पाच मिनिटं काका," नचिकेत म्हणाला.

"परतताना खाऊ."

"परतताना कुठे भिया, अकराला संपतात. आणि रिकाम्या पोटी पक्षी बघायचे म्हणजे पाप आहे."

पाच मिनिटांचे पोहे पंचवीस मिनिटं चालले. आधी पोहे, मग त्यावर शेव कमी पडली म्हणून शेव, मग वरून भुरभुरायचं जिरावण कमी पडलं म्हणून जिरावण, मग जलेबी गरम निघतेय म्हणून जलेबी. दगडूच्या हातात कुणीतरी द्रोण दिला. त्यानं उभ्याउभ्या चार घासांत तो संपवला आणि गाडीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. ऊन समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर उतरलं होतं.

"काका, एक जलेबी?" संहितानं विचारलं.

"पाखरू थांबतंय का जलेबीसाठी?"

"ते पण इंदूरलाच आलंय ना, थांबेल की."

नचिकेत खो खो हसला. दगडूला हसू आलं नाही.

पुढे रस्त्यात निवडणुकीच्या प्रचाराची रिक्षा आडवी आली. चार भोंगे लावून ती बैलगाडीच्या चालीनं चालली होती आणि बाजू देत नव्हती. तलावाची पाळ दिसली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. एव्हाना दगडू एरवी बघून, लिहून, पोळी खाऊन परतीच्या बसची वाट बघत असायचा.

तरी त्याला आशा होती. पश्चिमेच्या काठाला एक जागा होती. पाणी उतरलं की तिथे एकरभर चिखल उघडा पडे, मऊ, काळा. दाभण्या उतरे तो तिथेच. दगडू त्यांना वाट काढत घेऊन चालला. वाकून चाला, बोलू नका, पाय घासू नका. नचिकेत बिचारा वाकून चालला. टेकाडाच्या कडेला बाभळीखाली पोचले, आणि दगडूने डोकं वर काढलं.

चिखलात एक नवरी उभी होती.

लाल घागरा, डोळ्यांवर काळा चष्मा. तिच्यापासून दहा पावलांवर तिचा होणारा नवरा शेरवानी घालून हात पसरून धावत येत होता, आणि दोन पोरं नळकांड्यांतून गुलाबी धूर सोडत होती. तिसरा ओरडत होता, "सर, एक बार और! मॅडम, पीछे मत देखो!"

"लग्नाआधीचं शूटिंग," संहिता कुजबुजली. "आजकाल सगळे इथेच येतात."

दगडू उठला, आणि नचिकेत नको म्हणत असताना खाली उतरला. नवरदेवाला म्हणाला, "बेटा, इथं एक पाखरू उतरणार आहे. लांबून आलंय. जरा तिकडे जाऊन धावता का?"

"कौनसा पंछी, दादा?" नवरदेव घाम पुसत म्हणाला. "बोलो तो उसको भी फ्रेम में ले लेते हैं."

ते गेले साडेनऊला. गुलाबी धूर पाण्यावर आणखी थोडा वेळ रेंगाळला. मग चिखल मोकळा झाला, आणि तिघं बाभळीखाली वाट बघत बसले.

पक्षी आले तसे पुष्कळ आले. शेकाटे लाल काड्यांसारख्या पायांवर तुरुतुरु चालत आले. तुतवार शेपट्या नाचवत आले. पलीकडच्या पाण्यात चक्रवाकाची जोडी उतरली, नारिंगी. नचिकेत प्रत्येकाचं नाव फोनमध्ये घालत होता आणि खूष होत होता. "काका, चौतीस झाले! तरंग बदक, या सीझनचं पहिलं! काका, तुम्ही आमच्यासाठी लकी हो!"

दगडू चिखलाकडे बघत होता. त्याला चौतीस नको होते. एक पाहिजे होता.

मागे चुरचुर आवाज आला. संहितानं शेवेची पिशवी फोडली होती.

"आवाज," दगडू म्हणाला.

"सॉरी काका." तिनं पिशवी हळूच उघडायचा प्रयत्न केला. हळूच उघडलेली पिशवी जास्तच वेळ चुरचुरते. तुतवार उडाले, त्यांच्यामागे शेकाटे उडाले, आणि पुढची वीस मिनिटं चिखलावर माशी बसली नाही.

अकराच्या सुमाराला नचिकेतने दगडूचा दंड धरला. "काका! डावीकडे! वाकडी चोच!"

मफलर मागे सारून दगडूने डोळ्यांवर हात धरला. बघितलं.

"शराटी," तो म्हणाला.

"नीट बघा काका. चोच बघा ना. हाच तर नाही ना तुमचा?"

"नचिकेतजी," दगडू म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा चढला, "मी म्हातारा आहे, आंधळा नाही. दहा वर्षं मी या शराट्याला शराटीच म्हणत आलोय. तुम्हाला वाटतंय म्हाताऱ्याला एकदाचं समाधान द्यावं, यालाच दाभण्या म्हणावं आणि घरी जावं."

"नाही हो काका, तसं नाही..."

"तसंच आहे."

नचिकेतने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. संहितानं शराटीचा एक फोटो काढला, उगाच.

बारा वाजले. चिखल वरून सुकून पांढरट दिसायला लागला. दगडूने दोन पोळ्यांतली एकही खाल्ली नव्हती. नचिकेतला दोनला घरी पोचायचं होतं, त्याच्या मुलीचं काहीतरी होतं शाळेत. तो ते दोनदा बोलला, मग तिसऱ्यांदा नुसतं घड्याळ बघितलं.

"चला," दगडूच म्हणाला.

वर पाळीवर आले तर गाडीमागे दहा-बारा म्हशी खोळंबल्या होत्या. नचिकेतने गाडी अशी लावली होती की रस्ता बंद झाला होता. म्हशींपुढे काठीवर हनुवटी टेकून एक म्हातारा उभा होता. डोक्याला लाल पागोटं, पाय धुळीनं पांढरे. त्याला बघितलं आणि दगडूने मान दुसरीकडे वळवली.

तो गेंदालाल. पाच वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

त्याचं कारण वहीत होतं. दोन हजार अठरा साली दगडू पौर्णिमेनंतर सलग सहा दिवस तलावावर आला आणि दाभण्या दिसलाच नाही. त्या चिखलात गेंदालालच्या म्हशी लोळत होत्या. दगडूने वहीत लिहिलं, 'दाभण्या आला नाही. म्हशींनी चिखल तुडवला.' आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. त्यानं अर्ज लिहिला. आयुष्यातला पहिला अर्ज, स्वतःच्या हातानं, अर्धा हिंदीत, अर्धा मराठीत, तीन दिवस खपून. तलावाच्या चौकीवर नेऊन दिला. चौकीवरच्या बाबूनं वाचला आणि म्हणाला, "अक्षर अच्छा है आपका." ते वाक्य दगडूने महिनाभर गल्लीत ऐकवलं. अर्ज लागू पडला. गार्डनं गेंदालालच्या म्हशी पश्चिमेच्या काठावरून हाकलल्या. तेव्हापासून त्याला जनावरं पाण्यावर न्यायला सगळ्या तलावाला वळसा घालावा लागे.

संहिताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती हसून म्हणाली, "बा, माफ करना, अभी गाडी हटाते हैं. आप रोज इधर से जाते हो? आपने एक पंछी देखा क्या? इतनी लंबी चोंच, नीचे को मुडी हुई?"

गेंदालालने तिच्याकडे बघितलं, मग दगडूच्या पाठीकडे बघितलं.

"वा टेढ़ी सुई वाली?" तो म्हणाला. "वा तो नोरता में याँज थी. तीन थी. आठम तक रोज देखी म्हने. फेर उड़ी गी."

नोरता म्हणजे नवरात्र. आठम म्हणजे अष्टमी. अष्टमीला आठवडा होऊन गेला होता.

दगडू गर्रकन वळला. पाच वर्षांचं मौन कुठल्या कुठे गेलं. "खोटं बोलतो! शराटी बघितला असेल यानं!"

बोलला, आणि स्वतःच्याच तोंडून नचिकेतचं वाक्य आलेलं त्याला ऐकू आलं.

"सराटी?" गेंदालाल थुंकला. "साठ बरस से इसी पानी पे हूँ, भिया. सराटी चुप रेवे. वा बोले. कुर्लीऽ, कुर्लीऽ, ने आखर में आवाज उप्पर चढ़े."

बोलतो खरा. आणि शेवटी आवाज वर चढतो. हे बघितल्याशिवाय, ऐकल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. नवरात्रात तीन होते! सगळं नवरात्र तो खराटा घेऊन विहाराचं अंगण झाडत होता, शीव ओलांडायची नाही म्हणून!

"काका," नचिकेतचा आवाज एकदम बदलला होता, "वही द्या बरं जरा."

गाडीच्या बॉनेटवर वही उघडली. नचिकेतने फोनमध्ये मागच्या वर्षांचं कॅलेंडर काढलं. दगडूने कुठेच तारीख लिहिली नव्हती. तो लिहायचा, 'वर्षावास संपला. दुसऱ्या दिवशी गेलो. दाभण्या दिसला, दोन.' नचिकेत एकेका सालाची आश्विन पौर्णिमा शोधून तिच्या दुसऱ्या दिवसाची तारीख बोलत गेला, संहिता कागदावर लिहीत गेली.

"तेरा साली एकोणीस ऑक्टोबर, दिसला. चौदाला नऊ ऑक्टोबर, दिसला. पंधरा... अठ्ठावीस ऑक्टोबर. इथे काय लिहिलंय काका?"

"मूर्तींचं विसर्जन झालं, पाणी खराब, म्हणून आला नाही."

"सोळा, दिसला. सतरा, दिसला. अठरा... पंचवीस ऑक्टोबर."

तिथे काय लिहिलंय ते दगडूने वाचून दाखवलं नाही. नचिकेतने मनातल्या मनात वाचलं, मान वर करून म्हशींकडे बघितलं आणि पुढे गेला.

"एकोणीसला दिसला. वीसला एकतीस ऑक्टोबर, नाही. त्या साली तुम्ही लिहिलंय, बीमारीमुळे जग बंद. एकवीस, दिसला, एकवीस तारखेला. बावीस, दहा तारखेला दिसला." त्यानं फोन खाली ठेवला. "काका, एकवीस ऑक्टोबरनंतर तो तुम्हाला एकदाही दिसलेला नाही. ज्या वर्षी पौर्णिमा उशिरा आली, त्या वर्षी नाही. पंधरा, अठरा, वीस. आणि यंदा. या सगळ्या वर्षांत अधिक महिना होता."

दगडू वहीकडे बघत राहिला. अक्षरं त्याचीच होती. दाभण्या पौर्णिमेला येत नव्हता. पौर्णिमेला दगडू येत होता.

झोळीतला फोन वाजला. मीराबाई.

"दिसला का?"

"अगं मीरे, यंदा वर्षावास चार महिने होता ना?"

"अधिक श्रावण आला, मग होणारच. चार महिने भंतेजींचा डबा मीच केला, मला नका सांगू. दिसला का ते सांगा."

"मग तू आधी बोलली का नाहीस? पाखरू येऊन गेलं! दहा वर्षं मी तुझ्या पौर्णिमेवर चाललोय!"

"वा! मी पौर्णिमा सांगितली. पाखराचं मी कधी सांगितलं? पाखरानं धरला होता का वर्षावास? नेम तुमचा, पाखराला कशाला त्यात बसवायचं?" मग ती म्हणाली, "पोळ्या खाल्ल्या का?"

त्यानं फोन बंद केला.

"काका, एक बोलू?" नचिकेत म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "ही वही भारी आहे. तुम्ही 'नाही दिसला' तेही लिहिलंय ना, ते तर आमच्यातले शिकलेले पण लिहीत नाहीत. मी हिचे फोटो घेऊन ठेवतो."

"यादीत घालता का?"

नचिकेत मान खाजवायला लागला. "यादीत... नियम सगळ्यांना सारखाच आहे, काका. फोटो नाही, आमच्यातल्या कुणी बघितला नाही. पुढच्या वेळी. पुढच्या वर्षी पौर्णिमा सतरा तारखेला आहे, एकदम फिट. तेव्हा नक्की बघू."

"पुढची यादी कधी छापणार?"

"ती... पाच-सहा वर्षांनी बहुतेक."

दगडूने मान हलवली. पंच्याहत्तर, शहात्तर. त्यानं तो हिशेब तिथेच सोडला. नाव छापून येणार म्हणून भंतेजींना सांगून ठेवलं होतं, दूधवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं होतं. परत गेल्यावर एकेक जण विचारणार. नचिकेतवर चिडावं तर त्याचा नियम खरा होता. पोह्यांवर चिडावं तर पोहे वेळेत झाले असते तरी पाखरू आठ दिवसांपूर्वीच गेलं होतं. नवरीवर चिडायलासुद्धा जागा उरली नव्हती. इतका राग आणि ठेवायला ठिकाण नाही, अशी त्याची गत झाली.

म्हशी अजून खोळंबल्याच होत्या. गेंदालाल काठीवर रेलून हा सगळा तमाशा बघत होता.

दगडूने खिशातून पेन काढलं. अठराचं पान उघडलं आणि 'म्हशींनी चिखल तुडवला' यावर आडवी रेघ मारली. एकदा मारली, मग पुन्हा गिरवली. वही घेऊन गेंदालालसमोर जाऊन उभा राहिला.

"ये देखो. भैंस का नाम काट दिया."

गेंदालालने वहीत डोकावून बघितलं, ती उलटी होती का सुलटी याचंही त्याला काही नव्हतं. "म्हने तो पढ़नो आवे नी. कईं काट्यो, कईं राख्यो, तू जाणे."

"तुम्हारी भैंस का कसूर नहीं था. मैं ही देर से आता था."

"हूँ." गेंदालालने एक म्हैस काठीनं मागे सारली. "तो अब चौकी वाला म्हने इधर उतरवा देगो?"

दगडूने पेनाला टोपण लावलं.

"थारी कापी में काटने से कईं होवे, भिया? पाँच बरस से पूरो तलाव घूमी के जऊँ. म्हारा घुटना देख." त्यानं धोतर वर करून गुडघा दाखवला. सुजलेला होता. "चौकी पे तो थारो कागज पड़्यो है. अच्छा अक्षर को."

ते 'अच्छा अक्षर' दगडूला अंगावर चटका बसावा तसं लागलं. म्हणजे बाबूचं ते वाक्य इथपर्यंत पोचलं होतं.

"काका, बसा, निघू या," नचिकेतने हाक मारली. त्यानं गाडी बाजूला घेतली होती. "मला दोनला पोचायचंय."

"संहिताजी, एक कोरा कागद द्या," दगडू म्हणाला.

तिनं आपल्या वहीतलं पान फाडून दिलं. दगडू पाळीच्या दगडावर बसला, मांडीवर आपली वही घेतली, तिच्यावर कागद ठेवला. चष्मा लावला. वर मधोमध लिहिलं, 'अर्ज'. मग त्याखाली, 'चौकी वाले साहब को', आणि थांबला. पहिल्या अर्जाला तीन दिवस लागले होते. तेव्हा आपण बरोबर आहोत याची खात्री होती, तरीसुद्धा.

"काका, घरी जाऊन लिहा ना. मी टाईप करून देतो, दोन मिनिटं लागतील," नचिकेत म्हणाला.

"नाही. तो कागद माझ्या हाताचा आहे. हा पण माझ्याच हाताचा पाहिजे."

"अहो, पण किती वेळ लागेल?"

"पोह्यांना लागला तेवढा," दगडू मान वर न करता म्हणाला.

संहिता हसली आणि गाडीच्या सावलीला जाऊन बसली. नचिकेतने घड्याळ बघितलं, फोन लावला, कुणाला तरी "बस, निकल रहे हैं" म्हणाला आणि पाळीवर येरझाऱ्या घालायला लागला. गेंदालालने म्हशी सोडल्या नाहीत. तो दगडूच्या शेजारी येऊन उकिडवा बसला आणि पेनाच्या टोकाकडे बघू लागला.

"कईं लिख्यो?" त्यानं विचारलं.

दगडूने वाचून दाखवलं. "पाँच साल पहले मैंने लिखा था कि भैंस के कारण पक्षी नहीं आता. वह गलत था."

"आगे?"

"आगे लिख रहा हूँ."

"म्हारो नाम लिखजे. गेंदालाल. नी तो चौकी वालो केगो, किसकी भैंस?"

दगडूने लिहिलं, गें. मग दा. ल लिहिताना पेन अडकलं. त्यानं ते झटकलं, आणि पुन्हा सुरुवात केली. खाली चिखलात शराटी एकटाच चोच खुपसत फिरत होता.